गटारांचा कायदा आणि पाण्याचा कायदा: मैलापाण्याबाबत दरवेळी होणारी गल्लत

शहराचे मैलापाणी प्रक्रियेविना नदीत मिसळत असल्याची बातमी आली की, प्रदूषण नियंत्रण मंडळाने शुद्धीकरण केंद्र का उभारले नाही, असा सवाल हमखास केला जातो. सवाल चुकीच्या दारी विचारला जात असल्यामुळे ज्याने उत्तर द्यायचे तो मात्र नामानिराळा राहतो. महाराष्ट्रात या विषयाला दोन वेगळे कायदे लागू होतात. एक नागरी संस्थेचा, म्हणजे 1949चा महानगरपालिका अधिनियम किंवा 1965चा नगरपरिषदांविषयीचा अधिनियम. दुसरा संसदेने केलेला आणि महाराष्ट्राने 1981 साली स्वीकारलेला 1974चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम.

पहिल्याविषयी फार सांगायला नको. गटारे बांधणे आणि ती सुस्थितीत ठेवणे हे नागरी संस्थेचे बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. निधी नाही ही सबबही चालत नाही. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच ते स्पष्ट केले आहे.

खरी गल्लत नागरी संस्थेच्या भूमिकेविषयी आहे. पहिल्या कायद्यात ती अधिकार गाजवणारी आहे: घराचे सांडपाणी सार्वजनिक गटाराला जोडा, असे ती मालकाला फर्मावू शकते. दुसऱ्या कायद्यात तीच संस्था अर्जदार ठरते. कलम 24 नुसार कोणालाही प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात किंवा विहिरीत सोडता येत नाहीत, आणि कलम 25 नुसार, विशेषतः 1988च्या दुरुस्तीनंतर, सांडपाणी सोडू शकेल अशी प्रक्रिया व विल्हेवाटीची व्यवस्था उभारण्यापूर्वीच मंडळाची संमती घ्यावी लागते. एखाद्या कारखान्याने जसा अर्ज करायचा, तसाच महानगरपालिकेनेही करायचा. लोकनियुक्त संस्था म्हणून तिला यातून सूट नाही. मंडळ संमतीला अटी जोडते, तपासणी करते, नमुने घेते, आणि कलम 33अ खाली निर्देशही देते, परंतु शहरासाठी केंद्र बांधून देणे हे त्याचे काम नव्हे. अटीनुसार करायचे काम मुदतीत झाले नाही, तर नोटीस देऊन ते स्वतः करून घेण्याचा आणि खर्च वसूल करण्याचा अधिकार कलम 30 मंडळाला देते. मात्र तो वसुलीसह येणारा अधिकार आहे, नागरी संस्थेचे कर्तव्य मंडळाच्या माथी मारण्याची सोय नव्हे.

याच गल्लतीतून दुसरी, मला सर्वांत खटकणारी चूक जन्मते, ती म्हणजे इतक्या दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र बांधले, म्हणजे कायदा पाळला, असे जाहीर करणे. क्षमता हा बांधकामाचा आकडा आहे. गटारांचे जाळे अपुरे असेल, तर मैलापाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही आणि वाटेतल्या नाल्यांतून थेट नदी गाठते. वीज किंवा देखभाल नसेल, तर पोहोचलेले पाणीही जसेच्या तसे बाहेर पडते. 1974चा कायदा पाहतो तो निर्गममुखाशी, म्हणजे प्रवाहात प्रत्यक्ष काय मिसळते ते. त्यामुळे क्षमतेचे आकडे छापणाऱ्यांनी त्याच ओळीत प्रत्यक्ष प्रक्रिया झालेल्या पाण्याचा आकडा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे पृथक्करण द्यावे, असा माझा आग्रह आहे.

मैलापाणी आणि सांडपाणी या शब्दांवरून होणारा वाद मात्र इथे गौण आहे, कारण उघड्या गटारांतले धुण्याभांड्यांचे पाणीही 1974च्या कायद्याच्या व्याख्येत येते. तसाच 'प्रवाह' हा शब्दही व्यापक आहे: त्यात नदी, भूगर्भातील पाणी आणि राज्य सरकारने अधिसूचनेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत समुद्राचे पाणी तर येतेच, पण सध्या कोरडा पडलेला जलमार्गही येतो. उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यात मैलापाणी सोडून 'इथे नदीच नाही' असे म्हणणाऱ्या नगरपालिकेला कायद्याचा आधार नाही. अशा वेळी तक्रारदाराने मंडळाकडे नव्या केंद्राची मागणी करण्याऐवजी त्या निर्गमाच्या संमतीपत्राची प्रत, त्यातील अटी आणि शेवटच्या नमुन्याचा अहवाल मागावा, आणि केंद्राची मागणी नगरपालिकेकडे वेगळ्या अर्जाने करावी.