क्लॅटचा क्लास लावला म्हणजे लॉ सीईटीही झाली?

दहावीचा निकाल लागला की ठाण्यातले पालक मला विचारायला लागतात, "लॉ एन्ट्रन्सचा क्लास कुठला बरा?" मी उलट विचारते, "कुठली एन्ट्रन्स?" गोखले रोडवरच्या पाट्यांवर क्लॅट आणि लॉ सीईटी शेजारीशेजारी असतात, बॅच एकच, फी एकच. मग तयारीही एकच, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही.

क्लॅट राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं कन्सोर्टियम, म्हणजे त्यांचा संघ, घेतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विधी विद्यापीठं त्यातूनच मिळतात. लॉ सीईटी आपल्या राज्याच्या सीईटी सेलची. चर्चगेटचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं आयएलएस हवं असेल तर सीईटीचे मार्क आणि त्यानंतरच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या. क्लॅटमध्ये कितीही चांगली रँक आली तरी ती इथे चालत नाही.

खरा फरक प्रश्नांत आहे. घटनेचं कलम 32 घ्या, बाबासाहेबांनी ज्याला घटनेचा आत्मा म्हटलं ते. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात कोणत्या कलमाखाली जाता येतं, हे सीईटी सरळ विचारू शकते. 32 की उच्च न्यायालयासाठीचं 226, पाठ असेल तर दहा सेकंदांत उत्तर. क्लॅटमध्ये याच विषयावर साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा येतो, मग एखादी काल्पनिक घटना, आणि उताऱ्यातला नियम तिला लावायचा. कलमाचा आकडा माहीत नसला तरी चालतं. उलट, आधीच कायदा वाचून आलेली मुलं इथे फसतात. उताऱ्यात काय लिहिलंय ते सोडून आपल्याला काय माहीत आहे त्यावर उत्तर देतात.

क्लॅटला 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात आणि जवळजवळ सगळेच उताऱ्यांवर. हिशेब केला तर दोन तासांत दहा हजारांच्या आसपास शब्द वाचावे लागतात. त्यात निगेटिव्ह मार्किंग, म्हणजे चार उत्तरं चुकली की एक बरोबर उत्तर गेलं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटच्या सरावाने अंगवळणी पडलेली "शंका आली की सोड" ही सवय सीईटीला नेली तर हातचे मार्क जातात. हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते.

आता भाषा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि क्लासवाले तो क्वचितच काढतात. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. सीईटीत इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न मराठीतही मिळतात. कळव्याच्या मराठी शाळेतून आलेल्या हुशार मुलीला पहिल्याच महिन्यात क्लॅटच्या मॉक टेस्टला बसवलं, तर आपल्याला लॉ जमणारच नाही असं तिला वाटू लागतं. तिची बुद्धी कमी नसते, फक्त इंग्रजी वाचनाचा वेग अजून आलेला नसतो. तो रोज अग्रलेख वाचून येतो, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून क्लॅट द्यायची असेल तर अकरावीतच सुरुवात हवी. उशीर झाला असेल तर सीईटीवर भर द्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

वेळापत्रकाकडेही बघा. क्लॅट हल्ली डिसेंबरमध्ये होते, ऐन बारावीच्या प्रिलिमच्या तोंडावर. सीईटी बोर्डानंतर. त्यामुळे फी भरण्याआधी क्लासला विचारा: डिसेंबरनंतर तुम्ही काय शिकवता? सामान्य ज्ञान, घटनेची कलमं, कायद्यातल्या संज्ञा, संगणकावरचे सराव पेपर हे वेगळं घेणार असतील तर बॅच दोन्हींसाठी आहे. नुसते क्लॅटचे पेपर पुन्हा सोडवून घेणार असतील तर नाही.

आणि सीईटीचा अर्ज भरताना बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉचाच निवडा. तीन वर्षांची लॉ सीईटी पदवीधरांसाठी असते, नावं सारखी असल्याने दरवर्षी कुणीतरी चुकीचा अर्ज भरून बसतं.