नावातला यम: मूलद्रव्यांच्या कोड्यांमागचा इतिहास

‘नावात यम, शेजारी त्याचा रेडा, अंधारात चमकतो, ओळखा गड्या.’ उत्तर: रेडियम. विदर्भातल्या खेड्यात हे कोडं पटकन सुटतं, कारण बंडीच्या मागे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘रेडियम’ चिकटवलेलं असतं. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, ती नुसता गाडीच्या दिव्याचा उजेड परतवते. खरं रेडियम १८९८ साली मारी आणि पिएर क्युरी यांनी शोधलं. पुढे घड्याळाच्या तबकड्यांवर त्याचा रंग लागला आणि चमकणाऱ्या वस्तूला तेच नाव चिकटलं.

यम इतक्या नावांत शिरला तो लॅटिन वळणाच्या शेपटीमुळे. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने विजेच्या साह्याने पोटॅशियम आणि सोडियम सुटे केले. नव्या धातूंना ‘इयम’ लावायची रीत तिथून रुळली. सूर्याच्या वर्णपटात १८६८ साली सापडलेला हेलियमही धातूच असणार असं समजून त्यालाही ती लावली. निघाला वायू! मराठी कानाला मात्र सगळीकडे यमच ऐकू येतो: ‘यमानं सोडला, मिठात दडला’, म्हणजे सोडियम.

संज्ञांवरची कोडी याहून सोपी, थोडी पोरकटही. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३-१४ च्या सुमारास लॅटिन नावांतली अक्षरं घेऊन संज्ञा ठरवल्या, म्हणून सोडियम हा नॅट्रियमवरून ‘एनए’. तो ‘ना’ असा वाचला की बेरियम एकदा आणि सोडियम दोनदा घेऊन इंग्रजी केळं तयार. ‘हली ना के रब से फरयाद’ हे पाठांतराचं हिंदी वाक्यही आवर्त सारणीच्या पहिल्या उभ्या रांगेतल्या मूलद्रव्यांच्या अशाच संज्ञांचं.

कूट घालण्याची सवय इथे शाळेच्या कितीतरी आधीची. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर एकमेकांना सवाल टाकतात. कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन प्रतिस्पर्धी पंथांच्या भेदिक म्हणजे कूटप्रश्नांच्या लावण्यांचं तर सगळं बळ अडवणाऱ्या प्रश्नात. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ज्यांचं मोठं तीर्थ, त्या महानुभाव पंथीयांनी अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह ठेवून ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत ग्रंथ लिहून ठेवले. अक्षराआड अर्थ लपवणं इथल्या लोकांना नवं नव्हतं.

शेतकऱ्याच्या घरात मूलद्रव्यं येतात ती मात्र खताच्या पोत्यातून. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. १०:२६:२६ हे आकडेही त्याच क्रमाने. पोटॅश पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी भांड्यात आटवून काढत, आणि पालाश म्हटलं की इथे बांधावरचा पळस आठवतो. म्हणून कोडं असं जमतं: ‘पळसाचा भाऊ, पोत्यावर तिसरा, कपाशीले लागते, नाव नका विसरा.’ याचं उत्तर विज्ञानाच्या मास्तरांआधी कृषी केंद्राच्या बाकावर बसलेला म्हातारा देतो.