गोइंग-अप (कब-बुलबुलांचा समारंभ)

गोइंग-अप म्हणजे भारत स्काऊट्स आणि गाईड्स संघटनेतील कब (लहान मुलगा) किंवा बुलबुल (लहान मुलगी) आपले पथक सोडून वरच्या पथकात जातो किंवा जाते, त्या वेळी होणारा छोटा विधी. कब स्काऊटांच्या ट्रूपमध्ये जातो, बुलबुल गाईडांच्या कंपनीत. ‘आरोहण’ वगैरे शब्द निमंत्रणपत्रिकेवर शोभतात. मैदानावर सगळे ‘गोइंग-अप’च म्हणतात. खरे तर मराठीत याला साजेसा शब्द आयताच आहे: सीमोल्लंघन. कारण सगळा विधी जमिनीवर आखलेल्या एका रेघेभोवती फिरतो.

कब-बुलबुलांचे वय 5 ते 10 वर्षे. महाराष्ट्रात पहिलीत प्रवेश सहाव्या वर्षी होतो, म्हणजे चौथी संपता संपता मूल दहाचे होते. नाशिकच्या बहुतेक जुन्या मराठी शाळांत चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवीपासून माध्यमिक अशी विभागणी असल्याने गोइंग-अप आणि शाळाबदल एकाच सुमारास येतात. ही सोय आहे आणि अडचणही. दोन्ही शाळा एकाच आवारात असल्या तर काम सोपे. नसल्या तर कबमास्टर एका संस्थेचे, स्काऊटमास्टर दुसऱ्या, आणि मधल्या मे महिन्यात मूल हरवते. हरवते म्हणजे गावी जाते, जूनमध्ये नव्या शाळेत येते आणि तिथे पथक आहे हे त्याला कुणी सांगतच नाही.

पार्श्वभूमी

स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले ते मोठ्या मुलांचे. धाकटी भावंडे मागे लागली, म्हणून 1916 मध्ये ‘वुल्फ कब’ शाखा सुरू झाली. तिला गोष्टीची चौकट मिळाली किपलिंगच्या 1894 सालच्या ‘द जंगल बुक’ची. किपलिंगचा जन्म मुंबईचा आणि गोष्टीतले जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचे, त्यामुळे ही चौकट विलायतेहून आली तरी मूळ इथलेच. कब पथकाचा प्रमुख, म्हणजे कबमास्टर, हा अकेला. त्याचे मदतनीस बालू, बघीरा. मराठी घरातल्या मुलाला लांडगा माहीत असतो तो ‘लांडगा आला रे आला’मधला, त्यामुळे लांडग्याचा बच्चा होण्यात अभिमान वाटावा यासाठी पहिल्याच आठवड्यात गोष्ट नीट सांगावी लागते. बघीराची ओळख मात्र नाशिकमध्ये वेगळी करून द्यावी लागत नाही. उसातून वस्तीत शिरलेल्या बिबट्याची बातमी इथे नेहमीची.

भारतातील वेगवेगळ्या स्काऊट संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी एकत्र आल्या, 15 ऑगस्ट 1951 रोजी गाईड शाखा सामील झाली आणि आजची संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये मुलींच्या ब्राउनी शाखेत एक गंमतशीर भेद होता: वरची पात्रता मिळवलेली मुलगी पंखांचे चिन्ह लावून ‘उडत’ वर जाई, बाकीच्या ‘चालत’ जात. दहा वर्षांच्या मुलींना सगळ्यांसमोर असे वेगळे काढू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

विधी

मैदानाच्या एका बाजूला पॅक, म्हणजे कबांचे पथक, वर्तुळात उभा राहतो, दुसऱ्या बाजूला ट्रूप घोड्याच्या नालेच्या आकारात, आणि मध्ये रेघ. पॅक ग्रँड हाऊल देतो, म्हणजे उकिडवे बसून लांडग्यासारखी सामूहिक आरोळी. जाणाऱ्या कबची ही शेवटची. मग तो आपल्या सिक्समधल्या प्रत्येकाचा निरोप घेतो. (सिक्स म्हणजे सहा जणांचा गट आणि त्याचा म्होरक्या सिक्सर, मुलगा सिक्सर झाला असे कळल्यावर घरचे आधी क्रिकेटचेच समजतात.) अकेला त्याला रेघेपर्यंत नेतो. पलीकडे स्काऊटमास्टर आणि त्याच्या शेजारी पॅट्रोल लीडर, म्हणजे ट्रूपमधल्या एका छोट्या गटाचा (पॅट्रोलचा) म्होरक्या. मूल रेघ ओलांडते, स्काऊटमास्टर डाव्या हाताने हस्तांदोलन करतो, पॅट्रोल लीडर त्याला आपल्या रांगेत नेऊन उभे करतो आणि पॅट्रोल आपली आरोळी देते. संपले. एका मुलाला तीन-चार मिनिटे लागतात.

डाव्या हाताचा मुद्दा पाहुण्यांना आधी सांगून ठेवावा. ज्या घरात प्रसाद डाव्या हातात घेतला की आजी डोळे वटारते, तिथली आजी पहिल्या रांगेतून ‘उजवा, बाळा, उजवा’ म्हणते आणि मूल गोंधळून दोन्ही हात पुढे करते.

गोइंग-अप म्हणजे दीक्षाविधी नव्हे. स्काऊटचे वचन या दिवशी द्यायचे नसते. ते प्रवेशाची तयारी झाल्यावर, दीक्षाविधीत. कबचे नियम दोन, स्काऊटचे नऊ. दोनावरून नवावर एका सकाळी उडी मारता येत नाही. वेळ आणि पाहुणे वाचवण्यासाठी दोन्ही एकत्र उरकण्याची पद्धत दिसते. ती टाळावी.

आखणी

आखणी बहुधा मंच, हार, प्रमुख पाहुणे यांपासून सुरू होते. ती सुरू व्हायला हवी रेघेच्या पलीकडून. ज्या पॅट्रोलमध्ये मूल जाणार तिच्या लीडरने आधी चार-पाच आठवडे पॅकच्या सभेला यावे, एखादा खेळ घ्यावा, गाठ शिकवावी. मुलानेही ट्रूपच्या दोन-तीन सभा पाहाव्यात. रेघेपलीकडे उभा असलेला तेरा वर्षांचा मुलगा ओळखीचा असेल, तर निम्मा समारंभ तिथेच झाला. नसेल तर मूल रेघेवर थबकते, मागे बघते, आणि लहान भाऊ पॅकमध्ये असेल तर हमखास रडू फुटते. काही शिक्षक म्हणूनच याला गमतीने ‘पाठवणी’ म्हणतात. रडू आले तर घाई करू नये, ढोल वाजवणाऱ्याला तेवढे थांबवावे.

तारखेचा प्रश्न नाशिकमध्ये हवामान सोडवते. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आणि ऊन, मेमध्ये सुट्टी, शाळा पुन्हा भरतात जूनच्या मध्याला, तेव्हा पाऊस दारात. उरतो मार्चचा एखादा शनिवार किंवा रविवार, सकाळी साडेसात ते नऊ. त्या दिवसांत बाजारात द्राक्षे भरपूर असतात. मोठ्या पातेल्यात पोहे आणि घडभर द्राक्षे एवढा अल्पोपाहार पुरतो. जूनमध्येच करायचा झाला तर रेघ फक्कीने मारू नये. एका सरीत ती धुऊन जाते आणि मूल नेमके काय ओलांडतेय हे कुणालाच कळत नाही. दोन खुंट्यांना ताणलेली सुतळी बरी, फक्त घोट्याच्या खाली. उंच बांधली की पहिलाच कब अडखळतो.

जागा म्हणून शाळेचे मैदान उत्तम. पांडवलेण्यांचा, म्हणजे त्रिरश्मी डोंगराचा पायथा अनेकांना मोहात पाडतो. वर चढून जाण्याचा अर्थ तिथे आपोआप लाभतो. पण लेणी पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, ध्वज आणि आरोळ्यांचे कार्यक्रम तिथे नकोत. गोदाघाटाची कल्पनाही निघते, नदी हीच रेघ म्हणून. घाटावर यात्रेकरूंची गर्दी असते आणि पावसाळ्यात पूर मोजण्याचे माप म्हणजे घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती हे नाशिककराला सांगायला नको. त्याच्या कमरेला पाणी लागते त्या नदीकाठी दहा वर्षांची मुले उभी करायची नसतात.

भाषणे शेवटी ठेवू नयेत. ठेवायचीच तर सुरुवातीला, प्रार्थनेनंतर लगेच, आणि एकच. पालकांना रेघेच्या दोन्ही बाजूंना उभे करावे म्हणजे मुलाचा चेहरा सगळ्यांना दिसतो. एकाच बाजूला खुर्च्या मांडल्या की मोबाईल घेऊन निम्मे जण रेघेवरच येऊन उभे राहतात.

मूल गेल्यावर पॅकच्या वर्तुळात एक जागा रिकामी दिसते. अकेला हात पसरून इशारा करतो, मुले एक-एक पाऊल आत सरकतात, आणि जाणारा सिक्सर असेल तर त्याच्या जागी नवा सिक्सर तिथेच नेमला जातो. पॅकच्या नोंदवहीतले नाव त्याच दिवशी ट्रूपच्या वहीत चढवावे. जूनवर ढकलले की राहून जाते.