बांधून न्या, म्हणण्याआधी

‘स्मृतिभ्रंश झालेले आजोबा अचानक मारायला उठले म्हणजे वेड वाढलं, 108 ला फोन करा, बांधून न्यायला सांगा.’ सोलापुरात हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. स्मृतिभ्रंश मात्र बहुतेकदा हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत वागणं पालटलं, तर आधी शरीराकडे बघावं: लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, उतरलेली साखर, किंवा आपल्या मे महिन्याच्या उन्हात पाणीच पोटात न जाणं.

घरीच तपासता येतं. अंग तापलंय का? लघवी किती वेळा झाली? उशाचा तांब्या सकाळपासून भरलेलाच आहे का? फोनवर हेच सांगा. नुसतं ‘वेड लागलंय’ ऐकलं की रुग्णवाहिकेतली माणसं झटापटीच्या तयारीने जिना चढतात, घाबरलेले आजोबा आणखी हात उगारतात, आणि मार त्या माणसांनाही बसतो. चष्मा, कानयंत्र लावून द्या. बोलणारा एकच असू द्या.