पडद्यावरचा उजेड, खोलीतला उजेड

इमारतीच्या भिंती आराखड्यात नेमक्या दाखवता येतात, तिच्यातला उजेड मात्र नाही. त्यामुळे वास्तुप्रकाशयोजनेचे शिक्षण दीर्घकाळ लहान प्रतिकृतींवर, तक्त्यांवर आणि शिक्षकाच्या अनुभवावर अवलंबून होते. 1984 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी पृष्ठभागांमधील प्रकाशाची देवाणघेवाण संगणकावर मांडणारी ‘रेडिओसिटी’ पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याच दशकात ग्रेग वॉर्ड यांनी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ‘रेडियन्स’ ही खोलीतील प्रकाशाचे गणित मांडणारी संगणकप्रणाली विकसित करायला घेतली. आज अशी साधने वर्गात सहज वापरली जातात.

त्यांचा खरा उपयोग सुंदर चित्रे काढण्यात नाही, तर अंदाज तपासण्यात आहे. खोली अंधारी वाटली की नवख्या विद्यार्थ्याला दिवे वाढवणे सुचते. पण सर्व पृष्ठभाग सारखेच असलेल्या बंद खोलीत निम्मा प्रकाश परावर्तित होत असेल, तर पुनःपुन्हा होणाऱ्या परावर्तनांमुळे पृष्ठभागांवर पडणारा एकूण प्रकाश दिव्याच्या मूळ प्रकाशाच्या दुप्पट भरतो. परावर्तन 80 टक्क्यांवर नेले, तर तो पाचपट होतो. यात नवी ऊर्जा कुठूनही येत नाही, तोच प्रकाश अधिक वेळा भिंतींवर पोहोचतो. हे सूत्राने सांगता येतेच, परंतु विद्यार्थ्याने आधी आपला अंदाज लिहून ठेवला आणि मग केवळ भिंतीचा रंग बदलून गणित पुन्हा चालवले, तर दिव्याइतकीच भिंतही प्रकाशयोजनेचा भाग आहे हे त्याला मनापासून पटते.

पडद्यावरील चित्रावर मात्र विसंबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सामान्य पडद्याची तेजस्विता, म्हणजे त्याच्याकडून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता, दर चौरस मीटरला काही शे कँडेला (तिच्या मापाचे एकक) असते, तर खिडकीतून दिसणारे आकाश हजारोंच्या घरात जाते; ही तफावत दाबूनच चित्र तयार होते, आणि त्यात डोळे दिपवणारी खिडकी निरुपद्रवी दिसते. म्हणून तेजस्वितेची मूल्ये वेगवेगळ्या रंगांत दाखवणारे नकाशे वाचायला शिकवणे आवश्यक आहे. टेबलावर 500 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) प्रकाश पडतो एवढे कळणेही पुरेसे नाही, कारण तेवढ्याच प्रकाशात पांढरा कागद आणि काळे टेबल अगदी वेगळे दिसतात.

यानंतर विद्यार्थ्यांनी लक्समीटर घेऊन संगणकावर ज्या बिंदूंचे गणित केले, तेच बिंदू प्रत्यक्ष खोलीत मोजावेत. आकडे जुळले नाहीत, तर भिंतीचे परावर्तन चुकीचे धरले होते, फर्निचर वगळले होते की दिव्यांवर धूळ साचली आहे, याचा शोध त्यांनी एकेक गृहीतक बदलून घ्यावा.