'एक्समस'मधली फुली कुठून आली?

डिसेंबर लागला की अमेरिका-इंग्लंडमधून फिरत फिरत एक मेसेज आपल्याकडेही पोचतो: दुकानदार पाट्यांवर 'ख्रिसमस'ऐवजी 'एक्समस' (Xmas) लिहून, 'ख्राइस्ट'च्या जागी X ची फुली मारून, ख्रिस्ताचं नाव पुसतात. श्रद्धेचा प्रश्न आहे, वाईट वाटणं साहजिकच.

पण ती फुली मुळात 'खी' हे ग्रीक अक्षर आहे. दिसायला हुबेहूब रोमन एक्स. ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस' याच अक्षराने सुरू होतो. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत पवित्र नावं संक्षेपाने लिहून वर आडवी रेघ ओढत. फार सुंदर रीत, आणि आदराची. इंग्रजीतही एक्स वापरून या सणाचं नाव लिहिल्याचे दाखले इ.स. ११००च्या आसपासचे आहेत. तेव्हा कुठली दुकानं आणि कुठले सेल!

पडताळायचं असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा मूळ ग्रीक पाठ उघडा. पहिल्या ओळीतला चौथा शब्द 'ख्रिस्तू', म्हणजे ख्रिस्ताचा. त्याचं पहिलं अक्षर बघा: तीच फुली. ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या येशूच्या चित्रातही डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अक्षरं असतात. आपल्या उजव्या हाताची जोडी रोमन एक्स-सीसारखी दिसते, ती 'ख्रिस्तोस'चीच.

दुकानात 'मेरी ख्रिसमस' म्हणावं की 'हॅपी हॉलिडेज', हा वाद वेगळा.