मधुमेहाच्या खुणा : मुंग्यांपासून रक्ताच्या थेंबापर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, हुक्केरी, चिकोडी किंवा निपाणीकडच्या मराठी घरांत मधुमेहाचा पत्ता पुष्कळदा भलत्याच निमित्ताने लागतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले जाते, किंवा उसाच्या फडात खुंट लागून झालेली पायाची जखम महिना उलटला तरी भरत नाही, आणि तेव्हा साखर वाढल्याचे कळते. याचा दोष केवळ रुग्णाच्या निष्काळजीपणाला देणे योग्य नाही. ज्या खुणांवरून हा रोग ओळखायला आपण शिकलो, त्यांतल्या बहुतेक मुळातच उशिराच्या आहेत.

सर्वांत जुनी खूण लघवीची. चरकसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांच्या) पूर्वरूपांत लघवीकडे येणाऱ्या मुंग्यांचा उल्लेख आहे, तर सुश्रुताने जन्मजात प्रमेहाचा कृश रोगी आणि अपथ्यामुळे होणाऱ्या प्रमेहाचा स्थूल रोगी असा भेद केला. (आजच्या टाइप 1 आणि टाइप 2 या मधुमेहाच्या दोन प्रकारांशी तो तंतोतंत जुळवण्याचा मोह मात्र टाळावा.) लघवीतली ही गोडी साखरेचीच असल्याचे इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी 1776 मध्ये दाखवले. विसाव्या शतकात बेनेडिक्टची चाचणी आली. तिचे निळे द्रावण लघवीसह तापवले की साखरेच्या प्रमाणानुसार हिरवे, पिवळे आणि शेवटी विटकरी होई. आपल्याकडच्या लहान दवाखान्यांतही ती अनेक वर्षे चालली.

पण रक्तातील साखर दर 100 मिलिलिटरमागे साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडे ती लघवीत सोडत नाहीत. म्हणजे मुंग्या आणि विटकरी रंग दिसेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असे. 1922 मध्ये टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्शुलिन टोचले गेले आणि उपचार पालटला. लवकर ओळखण्याचा प्रश्न तसाच राहिला.

भारतात 1970 च्या दशकातील पाहणीत शहरांत सुमारे 2 टक्के आणि खेड्यांत दीड टक्का लोकांना मधुमेह आढळला होता. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासात हेच प्रमाण शहरांत 16.4 आणि खेड्यांत 8.9 टक्के निघाले. निकष आणि पद्धती बदलल्या हे खरे, तरी वाढ त्यापलीकडची आहे. बेळगाव भागात घटप्रभेचे पाणी कालव्यांतून आले, ऊस आणि साखर कारखाने वाढले, औताची जागा ट्रॅक्टरने व पायपिटीची मोटारसायकलने घेतली, आणि जोंधळ्याच्या भाकरीशेजारी भाताचा ढीग वाढत गेला. कुंदा आणि करदंट या इथल्या मिठायांना एकट्यालाच आरोपी ठरवणे सोपे, पण अपुरे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून दिसते, की अंगाने बारीक भासणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते आणि त्याची मुळे आईच्या पोटातल्या पोषणापर्यंत जातात. त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे’ हे समाधान फसवे ठरते.

सतत तहान, रात्री वारंवार लघवीला उठणे, भूक असूनही वजन घटणे, थकवा, अंधुक दिसणे, जननेंद्रियाजवळ खाज, मानेवर काळसर मखमली पट्टा, पायांना मुंग्या येणे, या खुणा ठाऊक असाव्यात. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी न कळणे, ही तर मज्जातंतू बधिर झाल्याची स्पष्ट सूचना आहे. घरचे मात्र ती वयावर किंवा कामाच्या शिणावर ढकलतात. मुलांत हीच तहान आणि वजनातली घट काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाढते, उलट्या व जोराचा श्वास सुरू होतो. तिथे त्याच दिवशी इस्पितळ गाठावे लागते.

अनेक प्रौढांना यांतले काहीच होत नाही. म्हणून तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रांत बोटाच्या थेंबावर चाळणी केली जाते. निदान मात्र प्रयोगशाळेतल्या तपासणीने होते. साखर उपाशीपोटी 126 मिलिग्रॅम किंवा अधिक, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 6.5 टक्के किंवा अधिक आले आणि लक्षणे नसली, तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. रक्तक्षय असलेल्या बाईचा एचबीएवनसी खऱ्यापेक्षा कमी किंवा जास्त येऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर उपाशीपोटीच्या साखरेवर अधिक भिस्त ठेवतात.